पोत्याची व्याख्या

"या दारानं मी आत येणार नाही," कर्नल ओर्सान म्हणाले आणि टोपी काखेत धरून बाहेरच उभे राहिले.

दार आमच्या जहाजाच्या मेसचं होतं. आत टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर ताविद आधीच येऊन बसले होते आणि ते याच दारानं आले होते. त्यांच्या पाठोपाठ शिरायचं म्हणजे त्यांच्या मागून आल्यासारखं दिसेल, असं कर्नलांचं म्हणणं. मेसला दुसरं दार होतं, पण ते स्वयंपाकघरातून यायचं आणि तिथं आमचा कुक कांदे चिरत बसला होता.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या सबनीसबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "कर्नलांचा मुद्दा रास्त आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही काय सुचवता?"

"मी बाहेर जातो," डॉक्टर म्हणाले. "दोघं एकदमच आत येऊ."

दोघं दारात उभे राहिले. जहाजाचं दार ते, एका माणसापुरतंच असतं. डॉक्टर म्हणाले, आडवं झालं तर जमेल. कर्नल म्हणाले, मी आडवा होणार नाही. यावर विचार करायला बाईंनी जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि जेवणानंतर तोच विषय पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी दोघं आपापल्या बोटीनं परत गेले तेव्हा दारापलीकडचं काहीही बोलून झालं नव्हतं.

खाली होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या कोठारात, पीठ भरलेलं होतं. आणि समोर, दोन मैलांवर, उपाशी गाव होतं.

मी त्या जहाजाचा कॅप्टन. अश्फाक परकार, मूळचा दाभोळचा. या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण त्याला दोन नावं आहेत. एक घेतलं की एक बाजू रागावते, दुसरं घेतलं की दुसरी. जहाजावर आम्ही नुसतं 'बंदर' म्हणायचो. डोंगराच्या कुशीतलं गाव, मागचा घाट तोफांनी अडवलेला आणि समोरच्या समुद्रात कर्नलांच्या गस्ती नौका. उन्हाळ्यापासून आत काही जात नव्हतं, बाहेर काही येत नव्हतं. साऱ्या जगातली सरकारं चिंता व्यक्त करत होती. शेवटी पाच-सात देशांनी मिळून एक समिती नेमली, समितीनं आमचं जहाज भाड्यानं घेतलं आणि पीठ-औषधं भरून आम्हाला इथं आणून उभं केलं. पीठ उतरवायचं कुणाच्या देखरेखीखाली, यावर मात्र दोन्ही बाजूंचं जमेना. एका बाजूचे लोक दुसरीच्या जमिनीवर पाय ठेवायला तयार नव्हते. मग बोलणी जहाजावरच करायची ठरली: गावाच्या वतीनं डॉक्टर ताविद, वेढा घालणाऱ्या सरकारच्या वतीनं कर्नल ओर्सान.

समितीच्या दूत म्हणून आल्या कुमुद सबनीस. आपल्या परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेल्या, मूळच्या साताऱ्याच्या, साठी ओलांडलेल्या. "माझ्यावर दोघांचाही आक्षेप नाही, एवढीच माझी पात्रता," असं त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या. जहाजावर मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्यामुळं दिवसभराचं इंग्रजी संपलं की त्या चहाचा पेला घेऊन ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथं, माझ्याकडं यायच्या आणि मनमोकळं बोलायच्या. म्हणजे मला तसं वाटायचं.

आल्या आल्या त्यांनी एकच गोष्ट झटपट पदरात पाडून घेतली होती: प्रतिनिधींच्या जिवाला धोका नको म्हणून, ज्या दिवशी बोलणी असतील त्या दिवशी खाडीत कुणी गोळी झाडायची नाही. त्यावर दोघांनी तासाभरात सह्या केल्या. मला वाटलं, बाई कामाची आहे. त्यानंतर मात्र त्यांची गाडी जी रुतली ती रुतलीच. दाराचं प्रकरण मिटलं (डॉक्टर मेसच्या दारानं आणि कर्नल स्वयंपाकघराच्या दारानं येऊ लागले, त्या वेळी कांदे चिरायचे नाहीत या अटीवर), तर खुर्च्यांचं निघालं. खुर्च्यांचं मिटलं, तर नकाशाचं. नकाशावर गावाचं नाव काय लिहायचं? बाईंनी नाव नसलेला नकाशा मागवला. तो यायला बरेच दिवस लागले.

"उद्या वारा कसा आहे, परकार?" रोज संध्याकाळी त्या विचारायच्या.

"पडेल, बाई. समुद्र तेलासारखा राहील."

"छान," म्हणायच्या आणि चहा संपवायच्या.

आम्ही नांगर टाकला त्या दिवशी बंदरातले लोक धक्क्यावर येऊन उभे राहिले होते. बायका, म्हातारी माणसं, नुसती जहाजाकडं बघत. दुसऱ्या दिवशी थोडी कमी आली. मग आणखी कमी. पुढं पुढं दुर्बीण लावली तरी धक्क्यावर चिटपाखरू दिसेना. लोकांनी आमची आशा सोडली, असं माझ्या मनानं घेतलं. दर्यावर्दी माणसाला माल पोहोचवल्याशिवाय झोप लागत नाही, आणि हा तर भाकरीचा माल.

शेवटी मला राहवेना. कप्तानानं बोलण्यांत तोंड घालायचं नसतं, तरी मी एक दिवस मेसमध्ये गेलो. वाद चालला होता तो पिठाच्या तपासणीवर. कर्नलांना वाटत होतं की त्या पोत्यांमधून हत्यारं जातील, म्हणून प्रत्येक पोतं सरकारच्या ताब्यातल्या पलीकडच्या बंदरात तपासायचं. डॉक्टर म्हणत होते, त्या बंदरात टेकलेलं पीठ आमची माणसं खाणार नाहीत.

"माझं ऐकता का?" मी म्हणालो. "कुठल्याच बंदरात नको. इथं, माझ्या डेकवर तपासा. क्रेननं पोती वर काढतो, तुम्ही दोघं समोर उभे राहा, बघा, मग ती पडावात, म्हणजे मालाच्या होड्यांत, उतरवू. पडाव माझे, माणसं माझी."

डॉक्टरांनी कर्नलांकडं पाहिलं. कर्नलांनी हनुवटी खाजवली. "याला माझी हरकत नाही," ते सावकाश म्हणाले.

"माझीही नाही," डॉक्टर म्हणाले.

दोन आठवडे अडलेलं काम दोन वाक्यांत झालं होतं. मी बाईंकडं पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"कॅप्टनांची सूचना फारच चांगली आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एक अडचण. 'प्रत्येक पोतं' असं आपण म्हणतो आहोत. पण पोतं म्हणजे काय, याची व्याख्या आपण केलेली नाही. फाटलेलं पोतं हे पोतं धरायचं का? सांडलेलं पीठ पुन्हा भरलं, तर ते जुनं पोतं की नवं?"

मग कर्नल म्हणाले, "नवं." डॉक्टर म्हणाले, "जुनंच." आणि पोत्याची व्याख्या सुरू झाली.

त्या संध्याकाळी बाई चहा घेऊन ब्रिजवर आल्या, तेव्हा मी त्यांना खुर्चीही दिली नाही.

"बाई, मी अडाणी माणूस असेन," मी म्हणालो, "पण आज झालं असतं. तुमच्या डोळ्यांसमोर झालं होतं. तुम्ही मोडलंत."

"हो," त्या म्हणाल्या.

"तिथं पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही इथं फाटकं पोतं आणि सांडलेलं पीठ करत बसलात! समितीकडून दिवसाचा भत्ता मिळतो म्हणून?"

हे बोलायला नको होतं. पण त्या रागावल्या नाहीत. "उद्या कर्नल येणार नाहीत," मग म्हणाल्या. "त्यांना राजधानीत बोलावलंय. उद्या सकाळी मी इथं येते. दुर्बीण काढून ठेवा."

सकाळी समुद्र खरंच तेलासारखा होता. मासेमारीला याहून चांगला दिवस मागून मिळायचा नाही. आणि बंदराच्या धक्क्यामागं होड्या एकीला एक खेटून उभ्या होत्या. एकही हललेली नव्हती.

"काल किती होत्या बाहेर?" बाईंनी विचारलं.

मी आठवलं. काल भुशिरापलीकडच्या उथळ पाण्यात होड्याच होड्या होत्या. परवाही. मला त्या रोज दिसत होत्या. कोकणातल्या माणसाच्या नजरेतून होडी कशी सुटेल? पाहून बरंही वाटायचं. पण रोज दिसणारी गोष्ट, तिच्याबद्दल कोण कशाला विचार करतो.

तेवढ्यात धक्क्यामागून एक होडी निघाली. दोन वल्ही, शीड नाही. कुणीतरी धाडस केलं होतं, किंवा आज बोलणी नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती धक्क्याच्या टोकाबाहेर आली आणि गस्ती नौकेवरून मशिनगन वाजली. होडीपुढं पाण्यात पांढरे तुरे उठले, एका ओळीत. होडी जागच्या जागी फिरली आणि परत गेली. वल्ही कशी पडत होती, ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होतं.

मी दुर्बीण खाली केली.

"आता गावाकडं लावा," बाई म्हणाल्या. "घरांवर."

मी लावली. गावातली छपरं चांदीसारखी चकाकत होती. आधी मला कळेना. मग कळलं. तारली मासळी होती ती. कौलांवर, गच्च्यांवर, दोऱ्यांवर, शाळेच्या आवारात तारली वाळत घातलेली. मीठ लावून, ओळीनं. आमच्याकडं पावसाआधी घालतात तशी. धक्क्यावर कुणी का येत नव्हतं, तेही तेव्हा उमगलं. माणसं निराश झालेली नव्हती. कामात होती.

"तुमच्या पिठावर गाव महिनाभर चालेल," बाई म्हणाल्या. "ज्या दिवशी ते उतरेल त्या दिवशी बोलणी संपली. जहाज जाईल, मी जाईन, समितीचे लोक टाळ्या वाजवतील. आणि गोळी न झाडण्याचा करारही संपला. मासा या किनाऱ्याला थंडी पडेपर्यंतच असतो, असं डॉक्टर म्हणतात. जेवढे दिवस आपण वाद घालू, तेवढे दिवस होड्या बाहेर जातील."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"आम्ही यावर कधी बोललेलो नाही. पण फाटकं पोतं हे पोतंच, हा मुद्दा त्यांनी काल तीन तास लढवला. एरवी ते इतके हट्टी नाहीत."

"आणि औषधं?"

"डॉक्टर रोज जाताना बॅग घेऊन जातात. प्रतिनिधीच्या बॅगेची झडती होत नाही. आल्यापासून बॅग किती मोठी झाली, पाहिलं नाहीत?"

मी बसलो. मग विचारलं, "आणि कुणी पिठावाचून दगावलं तर, बाई?"

त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा थकलेला दिसला. "तर त्याचा जाब मलाच द्यायचा आहे. म्हणून पीठ कधी हवं ते डॉक्टर सांगतील. ते 'आता' म्हणाले की त्याच दिवशी सह्या करून घेईन. ते मला जमतं, परकार. पण कर्नलांना यातलं काही कळता कामा नये. त्यांना कळलं, तर होड्या त्यांना थांबवाव्याच लागतील. त्यांना तसा हुकूम आहे."

त्या दिवसापासून मीही मुत्सद्दी झालो. मेसमधलं घड्याळ बिघडलं. चहाला उशीर होऊ लागला. कर्नलांच्या बोटीला लावायची शिडी एकदा दुरुस्तीला काढली.

आणि मग एका दुपारी कर्नल स्वतः ब्रिजवर आले. त्यांची बोट यायला अवकाश होता. उंच, करड्या मिशांचा माणूस, कमी बोलणारा. इकडंतिकडं बघून म्हणाले, "कॅप्टन, तुमची दुर्बीण देता का?"

नाही कसं म्हणणार? दिली. त्यांनी ती आधी आपल्या नौकांवर फिरवली. मग भुशिरावर. मग गावावर, आणि तिथंच थांबली. ऊन छपरांवर तिरपं पडलं होतं आणि सगळं गाव झळझळत होतं.

"घरं चकाकताहेत," कर्नल म्हणाले.

"पत्रे असतील," मी म्हणालो.

"या भागात कौलं असतात." त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "माझी आजी याच किनाऱ्यावरची." एवढं बोलून ते खाली गेले.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो, कर्नलांची बोट येते का ते बघत. धक्क्यामागं होड्याही वाट बघत होत्या. बोट आली. कर्नल जिन्यानं वर आले, खुर्चीत बसले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कालच्या मसुद्यात 'दुपारपर्यंत' असा शब्द आहे. दुपार कुणाच्या घड्याळानं? आमचं घड्याळ त्यांच्यापुढं एक तास आहे."

भुशिरापलीकडं होड्या पसरल्या. घड्याळाचा वाद दिवस मावळेपर्यंत पुरला.

"त्यांना कळलं नसावं," संध्याकाळी मी म्हणालो.

"नसावं," बाई म्हणाल्या. पण चहा सावकाश प्यायल्या.

थंडी सुरू झाली. डॉक्टर ताविद एका सकाळी जिना चढून आले आणि बसायच्या आधीच बाईंना म्हणाले, "मॅडम, आता पीठ हवं. नुसत्या मासळीवर म्हातारी माणसं टिकत नाहीत."

त्या दिवशी मी बाईंचं खरं काम पाहिलं. पोत्याची व्याख्या, घड्याळ, तपासणी, गावाचं नाव, सगळ्या गाठी त्यांनी दुपारच्या जेवणाआधी सोडवल्या. फाटकं पोतं हे पोतं ठरलं. फक्त शेवटी, अगदी सहज, एक कलम घातलं: माल उतरवताना दोन्ही प्रतिनिधी डेकवर हजर असतील, म्हणून माल उतरवण्याचं काम चालू असेपर्यंत खाडीत गोळी झाडायची नाही. कर्नलांनी ते कलम वाचलं. पुन्हा वाचलं. आणि सही केली.

"परकार," बाई नंतर मला म्हणाल्या, "हा माल उतरवायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

"माझी माणसं तीन दिवसांत होल्ड झाडून देतील, बाई," मी अभिमानानं म्हणालो. मग त्यांच्याकडं पाहिलं. "पण घाई करू नये म्हणतात. पोती फाटतात."

आयुष्यात इतका सावकाश माल मी कधी उतरवला नाही. क्रेनला टांगलेली पोत्यांची एक झोळी वर यायची, दोन्ही प्रतिनिधी तिच्याभोवती फिरायचे, पोत्यांना हात लावून बघायचे, मग ती पडावात जायची. भाकरीचा धूर गावातून पहिल्यांदा निघाला, तेव्हा सगळे खलाशी कठड्याशी धावले आणि मी त्यांना कामावर परत बोलावलं नाही. कंपनीचे रोज संदेश यायचे: उशीर का? मी कळवायचो, हवामान. तारली अजून किनाऱ्याला होती, थोडी का होईना, आणि होड्या रोज बाहेर जात होत्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. त्या हिवाळ्यात बंदर तगलं. वेढा उठला तो पुढच्या वर्षी, आणि आमच्यामुळं नव्हे. राजधानीत सरकार बदललं म्हणून. वर्तमानपत्रांनी आमच्या बोलण्यांना 'लाजिरवाणी दिरंगाई' म्हटलं. समितीनं बाईंना बोलावून कारण विचारलं, तेव्हा त्यांनी, जहाजावरची जागा अडचणीची होती, असं उत्तर दिलं म्हणे. त्यांना पुन्हा कुठं पाठवलं नाही. त्या साताऱ्याला राहिल्या, आणि गेल्या तोवर दर दिवाळीला माझा फोन त्यांना जायचा. कर्नल ओर्सानांची मात्र मी कधी चौकशी केली नाही. केली असती, तर त्यांच्याबद्दल एवढी आस्था का, असं कुणीतरी विचारलं असतं, आणि तो प्रश्न त्यांना परवडला नसता.

कारण त्या शेवटच्या दिवशी काय घडलं, ते असं.

होल्डच्या तळाशी थोडीच पोती उरली होती. दुपारपर्यंत काम आटोपलं असतं, मी कितीही रेंगाळलो तरी. समुद्र शांत होता, ऊन कोवळं होतं, होड्या भुशिरापलीकडं होत्या. हा त्यांचा शेवटचा दिवस, हे मला, बाईंना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. डॉक्टर तर होड्यांकडं पाठ करूनच उभे होते.

क्रेननं झोळी उचलली. ती वर आली, डेकवर टेकली. कर्नल पोत्यांकडं गेले नाहीत. ते मान वर करून क्रेनकडं बघत होते.

"कॅप्टन," ते म्हणाले, "या क्रेनचा आवाज मला बरोबर वाटत नाही."

क्रेनला काही झालेलं नव्हतं. आदल्याच महिन्यात तिला नवी तार घातली होती. माझ्या जहाजावर सगळ्यांत धडधाकट काय असेल तर ती क्रेन. मी तसं सांगायला तोंड उघडलं. माझ्या शेजारी सबनीसबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण त्यांचा हात चष्म्याकडं गेला.

"हो, कर्नल," मी म्हणालो. "मलाही तसंच वाटतं. एखादा दिवस लागेल."

"एका दिवसात असली कामं होत नाहीत," कर्नल म्हणाले. त्यांनी भुशिराकडं एकदा नजर टाकली आणि टोपी डोक्यावर नीट बसवली. "आठवडा घ्या. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. मी रोज येऊन पाहणी करीन."

ते जिन्याकडं निघाले. जाताना डॉक्टरांसमोर क्षणभर थांबले. इतक्या दिवसांत त्या दोघांनी एकमेकांना नमस्कारही केला नव्हता, आणि आताही केला नाही. दोघं नुसते उभे राहिले. मग कर्नल खाली उतरले.

माझा चीफ ऑफिसर मॅथ्यू धावत आला. "सर, काम का थांबवलं?"

"क्रेन बिघडली," मी म्हणालो.

"बिघडली? काय झालं तिला?"

"ते अजून ठरायचं आहे," मी म्हणालो.